जोडलंय, पण बोलत नाहीत: दोन व्हर्च्युअल मशीन आणि मधला खोटा चॅनल अडॅप्टर

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना वारंवार येणारे "म्हणजे" आणि "तर" कमी केलेत, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय. कमांड्स मी उच्चारल्या तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत.)

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. मेनफ्रेमवर चालणारी दोन व्हर्च्युअल मशीन एकमेकांशी जोडायची, आणि तीही नेटवर्क कार्ड न वापरता, चॅनल अडॅप्टरची नक्कल करून. पण या विषयामुळे माझा एक अख्खा रविवार गेला होता, आणि त्यानंतर आणखी दोन संध्याकाळी. म्हणून आधी त्या रविवारची गोष्ट सांगते, मग तंत्राकडे वळू.

रविवारची गोष्ट

खूप वर्षं झाली या गोष्टीला. आमच्याकडे आपत्तीच्या वेळची तालीम होती. मुख्य यंत्रणा कोसळली तर तिची प्रत दुसरीकडे उभी करता येते का, हे दरवर्षी तपासायचं असतं. आम्ही मुख्य झेड/ओएसच्या डिस्कची प्रत घेतली आणि झेड/व्हीएमखाली एक गेस्ट म्हणून ती चालू केली. मेनफ्रेमच्या भाषेत याला आयपीएल करणं म्हणतात. क्रिकेटशी संबंध नाही, आपण बूट करणं म्हणतो तेच.

प्रत छान उठली. जेस२ उठलं. आणि जेस२ ने नेहमीच्या सवयीने आपल्या सगळ्या लाइन्स सुरू केल्या. त्यातली एक लाइन चॅनल-टू-चॅनल अडॅप्टरवरून पलीकडच्या दुसऱ्या यंत्रणेकडे जात होती. गेस्टची डिरेक्टरी नोंद करताना आमच्यापैकी कोणीतरी जुनी नोंद जशीच्या तशी उचलली होती, आणि त्यात एक "डेडिकेट" ओळ होती. म्हणजे तो अडॅप्टर खराखुरा होता, केबल खरी होती आणि पलीकडची यंत्रणाही खरी होती. एरवी पलीकडच्या यंत्रणेने "या नावाचा नोड आधीच जोडलेला आहे" म्हणून हात झटकले असते. पण देखभालीसाठी मुख्य यंत्रणेची लाइन त्या दुपारी बंद होती. त्यामुळे आमच्या प्रतीला तिने अस्सल समजून आत घेतलं.

प्रतीच्या स्पूलमध्ये तीन दिवसांपूर्वीचे, पाठवायच्या रांगेत असलेले रिपोर्ट पडलेले होते. ते निघाले आणि पलीकडे पुन्हा छापले गेले. तिकडून फोन आला: "अहो, हे गुरुवारचे आकडे आज परत का पाठवताय?"

कुणाचे पैसे गेले नाहीत, पण कुठला कागद खरा आणि कुठला दुबार हे जुळवण्यात रात्र झाली. दुसऱ्या दिवशी माफीही मागावी लागली. आणि मग प्रश्न उभा राहिला: प्रतीला तिचा अडॅप्टर तर हवा, कारण तो नसेल तर तालीम अर्धवट राहते. पण त्याच्या पलीकडे खरं जग नको. हे कसं करायचं? उत्तर झेड/व्हीएममध्ये अनेक वर्षांपासून तयार होतं. तेच आज समजून घेऊ.

चॅनल म्हणजे मुकादम

आयबीएमची सिस्टीम/३६० ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झाली. तिच्या रचनेतली एक गोष्ट आजही टिकून आहे: मुख्य प्रोसेसर स्वतः डिस्कशी किंवा टेपशी थेट बोलत नाही. ते काम चॅनल करतो.

चॅनलला मुकादम समजा. मालक, म्हणजे प्रोसेसर, मुकादमाच्या हातात कामाची चिठ्ठी देतो आणि आपल्या कामाला लागतो. मुकादम काम करून घेतो आणि संपलं की मालकाच्या खांद्यावर हात ठेवतो, तो इंटरप्ट. चिठ्ठीवरची प्रत्येक ओळ म्हणजे एक चॅनल कमांड वर्ड, लांबी ८ बाइट. त्यात चारच गोष्टी असतात: काय करायचं, मेमरीतला पत्ता, काही खुणा, आणि किती बाइट. मोजणीला दोन बाइटची जागा असते, म्हणून एका ओळीत जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट हलवता येतात. हा आकडा पुढे लागणार आहे.

मुकादमाच्या पलीकडे कंट्रोल युनिट असतं आणि त्याच्या पलीकडे प्रत्यक्ष उपकरण. मुकादमाला एवढंच कळतं की समोर एक पत्ता आहे, त्याला "लिही" किंवा "वाच" सांगायचं. समोर डिस्क आहे की प्रिंटर की आणखी काही, याच्याशी त्याचा संबंध वरवरचाच.

आता गंमत बघा. दोन संगणक जोडायचे आहेत. दोघांकडे मुकादम आहेत. पण मुकादम मुकादमाशी बोलू शकत नाही, कारण दोघांनाही फक्त हुकूम सोडता येतात, ऐकायचं काम कंट्रोल युनिटचं. म्हणून मध्ये एक पेटी बसवली, जी दोन्ही बाजूंना "मी कंट्रोल युनिट आहे" असं भासवते. तीच चॅनल-टू-चॅनल अडॅप्टर. लघुरूपात सीटीसीए, आणि रोजच्या बोलण्यात नुसतं सीटीसी.

खिडकीतून वाटी

या पेटीचा स्वभाव समजला नाही तर पुढचं काहीच समजत नाही, म्हणून इथे थोडं थांबते.

जुन्या वाड्यात शेजारशेजारच्या दोन स्वयंपाकघरांमध्ये एक खिडकी असायची. भाजीची वाटी तिथून इकडून तिकडे जायची. आपली खिडकी अशी धरा की तिला कट्टाच नाही. वाटी ठेवून निघून जाता येत नाही. तुम्ही वाटी हातात धरून उभं राहायचं आणि हाक मारायची, "अहो काकू!" काकू येतात, आधी विचारतात, "देतेस की मागतेस?" तुम्ही देताय हे कळलं की त्या हात पुढे करतात. वाटी हातोहात जाते. मगच तुम्ही दोघी मोकळ्या.

सीटीसी अगदी असंच चालतं. एका बाजूने "राइट" सोडलं की ते पुरं होत नाही, लटकून राहतं. अडॅप्टर दुसऱ्या बाजूला अटेन्शन नावाचा इंटरप्ट देतो, ती हाक. दुसरी बाजू "सेन्स कमांड बाइट" पाठवते. तो "देतेस की मागतेस" हा प्रश्न. उत्तरात तिला पहिल्या बाजूची कमांड कळते. मग ती त्याला जुळणारं "रीड" सोडते, बाइट एकीकडून दुसरीकडे जातात, आणि दोन्ही बाजूंना "झालं" असा इंटरप्ट मिळतो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली: या पेटीत साठवणूक नाही. पलीकडे घेणारं नसेल तर देणारी बाजू थांबून राहते. दुसरी: एका बाजूचं राइट दुसऱ्या बाजूच्या रीडलाच भेटलं पाहिजे. दोघींनी हात पुढे केले, किंवा दोघी वाटी धरून उभ्या राहिल्या, तर संध्याकाळपर्यंत काही होणार नाही. आणि भांडणही होणार नाही, म्हणजे एररही येणार नाही. दोघी अगदी शिस्तीत वाट बघत राहतील.

सुरुवातीच्या काळात ही खरीच पेटी होती. बस आणि टॅग नावाच्या जाड केबलच्या जोड्या तिला लागायच्या, अंतर साधारण ४०० फुटांपर्यंत. १९९० मध्ये एस्कॉन आलं, तांब्याच्या जागी प्रकाशतंतू आले, वेग सेकंदाला १७ मेगाबाइटवर गेला. आणि एस्कॉनमध्ये वेगळी पेटी उरलीच नाही. एका टोकाचा चॅनल कॉन्फिगरेशनमध्ये "सीटीसी" प्रकारचा आहे असं लिहायचं, की त्याचा मायक्रोकोडच कंट्रोल युनिटचं सोंग घेतो. म्हणजे अडॅप्टरची नक्कल करणं हा काही व्हर्च्युअल मशीनवाल्यांचा चावटपणा नाही. खऱ्या हार्डवेअरनेही तेच केलं.

सीपी मध्यस्थ कसा होतो

व्हीएम/३७० जाहीर झालं २ ऑगस्ट १९७२ ला. आजचं झेड/व्हीएम त्याचंच वंशज. या घराण्यात सर्वात खाली जो थर असतो त्याला कंट्रोल प्रोग्राम, म्हणजे सीपी म्हणतात. प्रत्येक गेस्टला तो संपूर्ण यंत्राचा आभास देतो: मेमरी, प्रोसेसर, डिस्क, आणि हवा तर चॅनल अडॅप्टरसुद्धा. व्हर्च्युअल सीटीसीए ही सोय व्हीएम/३७० च्या काळापासूनची आहे.

आत काय घडतं? गेस्टच्या कर्नलला वाटतं की आपण यंत्राचे मालक आहोत. तो चॅनलला चिठ्ठी देण्याची सूचना चालवतो: जुन्या ३७० वर "स्टार्ट आय/ओ", नंतरच्या यंत्रांवर "स्टार्ट सबचॅनल". ही सूचना मालकालाच चालवता येते आणि खरा मालक सीपी आहे. त्यामुळे प्रोसेसर तिथेच थांबतो आणि ताबा सीपीकडे जातो. सीपी बघतो: या गेस्टचा पत्ता ६०० म्हणजे काय? व्हर्च्युअल सीटीसीए. कोणाशी जोडलेला? त्या दुसऱ्या गेस्टच्या अमुक पत्त्याशी. तिकडे जुळणारं रीड लटकलंय का? नसेल, तर तिकडे अटेन्शन इंटरप्ट नोंदवून ठेवतो. असेल, तर दोन्ही चिठ्ठ्यांमधले पत्ते खऱ्या मेमरीच्या पत्त्यांत बदलतो, एका गेस्टच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत बाइट उतरवतो, आणि दोघांनाही इंटरप्ट देतो.

संपलं. केबल नाही, पेटी नाही, प्रकाशतंतू नाही. एका मेमरीतून दुसऱ्या मेमरीत नक्कल, एवढंच. पण गेस्टला हे कळत नाही. त्याचा ड्रायव्हर तोच, पत्ता तोच, इंटरप्टचा क्रमही तोच. त्यामुळे मुख्य यंत्रणेची प्रत एक अक्षरही न बदलता इथे उठू शकते. आमच्या रविवारच्या दुखण्यावरचं औषध नेमकं हेच होतं.

मुळा आणि मुठा

औषध हातात आलं, पण थेट झेड/ओएसवर प्रयोग करायचा धीर नव्हता. म्हणून आधी दोन छोटे लिनक्स गेस्ट घेतले. नावं ठेवली मुळा आणि मुठा, कारण त्यांचा संगम व्हायला हवा होता.

आयबीएमने लिनक्सचं एस/३९० वरचं रूप डिसेंबर १९९९ मध्ये बाहेर आणलं, आणि सीटीसी ड्रायव्हर त्यातल्या जुन्या जोडण्यांपैकी एक. हा ड्रायव्हर एका जोडणीसाठी दोन अडॅप्टर वापरतो: एक फक्त वाचायला, एक फक्त लिहायला. खिडकीच्या भाषेत, देण्याची खिडकी वेगळी आणि घेण्याची वेगळी. त्यामुळे "देतेस की मागतेस" हा घोळ उरत नाही आणि दोन्ही दिशांना वाहतूक एकाच वेळी चालते. झेड/ओएसमध्ये एक्ससीएफच्या जोडणीत पाथ-इन आणि पाथ-आउट असे वेगळे सीटीसी लागतात, तेही याच न्यायाने.

तर मुळाकडे ६०० आणि ६०१, मुठाकडेही ६०० आणि ६०१. दोन्हीकडे "डिफाइन सीटीसीए ६००", "डिफाइन सीटीसीए ६०१". कोणत्या मशीनला जोडू द्यायचं तेही इथेच सांगता येतं. मग जोडणी: मुळावरून "कपल ६०० टू मुठा ६०१" आणि "कपल ६०१ टू मुठा ६००". बघा, उलटसुलट. मुळाचं वाचायचं टोक मुठाच्या लिहायच्या टोकाला, आणि मुळाचं लिहायचं टोक मुठाच्या वाचायच्या टोकाला. एवढं झालं की लिनक्समध्ये त्या दोन पत्त्यांची जोडी बांधायची. ज्याचा उल्लेख पहिला तो वाचायचा, दुसरा लिहायचा. मग जोडी ऑनलाइन करायची, आयपी पत्ते द्यायचे, पिंग मारायचा.

आम्ही पिंग मारला. शांतता.

मी "क्वेरी व्हर्च्युअल सीटीसीए" करून बघितलं. दोन्ही अडॅप्टर जोडलेले, कुणाच्या कुठल्या पत्त्याला तेही स्वच्छ दिसत होतं. लिनक्समध्ये पत्ते बरोबर, रूट बरोबर. कुठेही एरर नाही. पहिली संध्याकाळ आयपी पत्ते तपासण्यात गेली. दुसरी संध्याकाळ मॅन्युअल वाचण्यात.

चूक काय होती? सीपीची बाजू मी केली होती आणि उलटसुलट जोडणी नीट केली होती. मुठाची लिनक्स बाजू माझ्या सहकाऱ्याने केली. त्यालाही माहीत होतं की वाचणं आणि लिहिणं उलट जोडावं लागतं. म्हणून त्याने मुठावर जोडी बांधताना आधी ६०१ आणि मग ६०० लिहिलं. त्याची पद्धतही बरोबर होती! कपल सरळ केलं असतं तर नेमकं हेच करायला हवं होतं. पण दोनदा उलटं केलं की सरळ होतं. एका जोडणीत दोघंही हात पुढे करून उभे, दुसऱ्या जोडणीत दोघंही वाटी धरून. आणि आधी सांगितलं तसं, अशा वेळी कुणी ओरडत नाही.

चहा पिताना मी सहज म्हटलं, "मी उलटं केलंय बरं का." तो म्हणाला, "मग मी का केलं?" दोन मिनिटांत पिंग सुरू झाला.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. फुली एकाच ठिकाणी मारायची, आणि ती सीपीच्या बाजूला. प्रत्येक गेस्टमध्ये लहान पत्ता वाचायचा, मोठा लिहायचा, सगळीकडे सारखं. आणि "कपल्ड" हा शब्द दिसला म्हणून हुरळून जायचं नाही. खिडकी उघडी आहे एवढंच तो शब्द सांगतो. बोलणं सुरू झालं का, ते दोन्ही घरांत जाऊनच बघावं लागतं.

आणखी दोन खाचखळगे. "कपल" करताना समोरचं मशीन लॉग ऑन असावं लागतं, नाहीतर कमांड नाकारली जाते. आणि "डिफाइन" व "कपल" या तात्पुरत्या गोष्टी आहेत. गेस्ट लॉग ऑफ झाला की गेल्या. म्हणून अडॅप्टर डिरेक्टरीत "स्पेशल" या ओळीने कायमचे लिहायचे, आणि "कपल" गेस्टच्या प्रोफाइलमध्ये, दोन्ही बाजूंना. जो नंतर उठेल त्याचं "कपल" यशस्वी होतं.

लिनक्सच्या बाजूला प्रोटोकॉलचा आकडाही जुळवावा लागतो. समोर लिनक्सच असेल तर १, झेड/ओएस असेल तर ३, झेड/व्हीएमचं टीसीपी/आयपी असेल तर ०. हा विसरला तर कधी चालतं, कधी सुरुवातीच्या ओळखपाळखीतच अडकतं.

वाटीत काय असतं

सीटीसीला आयपी कळत नाही. त्याला फक्त बाइटचा गठ्ठा कळतो. त्यामुळे पॅकेट गठ्ठ्यात कसं बांधायचं याची एक साधी रीत ठरलेली आहे. सुरुवातीचे दोन बाइट सांगतात गठ्ठा केवढा. मग प्रत्येक पॅकेटच्या आधी सहा बाइट: दोन लांबीचे, दोन प्रकाराचे, दोन न वापरलेले. त्यानंतर पॅकेट. मग पुढचं पॅकेट, तशाच सहा बाइटांसह.

एका गठ्ठ्यात अनेक पॅकेट का? कारण प्रत्येक राइट म्हणजे सीपीकडे एक फेरी, दोन इंटरप्ट आणि पलीकडच्याची वाट बघणं. एकेक पोळी देत बसण्यापेक्षा डबा भरून दिलेला बरा. लिनक्सचा ड्रायव्हर म्हणूनच आधीचं राइट चालू असताना आलेली पॅकेट गोळा करून ठेवतो आणि पुढच्या फेरीत एकत्र पाठवतो. त्याचा बफर मुळात ३२,७६८ बाइटचा असतो, आणि तो कितीही वाढवला तरी मघाच्या ६५,५३५ च्या पलीकडे जात नाही.

इथला नेहमीचा आजार: पिंग चालतो, लॉगिनही होतं, पण मोठी फाइल पाठवायला घेतली की सगळं गोठतं. अशा वेळी दोन्ही टोकांचे एमटीयू आणि बफर बघा. समोरच्याची वाटी लहान असेल तर छोटं पॅकेट मावतं, मोठं मावत नाही.

दुसरी गोष्ट, इथे मॅक पत्ता नाही, एआरपी नाही, ब्रॉडकास्ट नाही. दोनच टोकं आहेत, तिसऱ्याला विचारायची गरजच नाही. ज्यांनी आयुष्यभर इथरनेट बघितलंय ते इथे गोंधळतात आणि नसलेलं एआरपी टेबल शोधत बसतात.

घरी करून बघायचं असेल तर

मेनफ्रेम घरी नसतो, मान्य. पण हर्क्युलीस नावाचा एम्युलेटर आहे. रॉजर बोलर यांनी तो सुरू केला, आणि तो लिनक्स, विंडोज, मॅक सगळ्यांवर चालतो. मात्र त्यात "सीटीसी" या नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या नीट वेगळ्या करा.

पहिली सीटीसीआय. यात पलीकडे दुसरा चॅनल नसतोच. गेस्टला ६०० आणि ६०१ दिसतात, पण दुसऱ्या टोकाला हर्क्युलीस स्वतः बसलेला असतो. तो गठ्ठा सोडतो, पॅकेट बाहेर काढतो आणि तुमच्या लॅपटॉपच्या टन इंटरफेसमध्ये टाकतो. परतीला उलट. म्हणजे ही खिडकी शेजारच्या स्वयंपाकघरात उघडत नाही, थेट रस्त्यावर उघडते. कॉन्फिगरेशनमध्ये दोन आयपी पत्ते लिहायचे असतात: पहिला गेस्टचा, दुसरा लॅपटॉपच्या बाजूचा. नवखे हमखास ते अदलाबदल करतात. आणि गेस्टला लॅपटॉपच्या पुढे जायचं असेल तर लॅपटॉपवर आयपी फॉरवर्डिंग चालू लागतं.

दुसरी सीटीसीई. इथे दोन वेगळे हर्क्युलीस, अगदी दोन वेगळ्या लॅपटॉपवरचे, टीसीपीवरून जोडले जातात, आणि दोन्हीकडे खरे चॅनल प्रोग्रॅम चालतात. एकाचं राइट खरोखर दुसऱ्याच्या रीडची वाट बघतं. खिडकीचा स्वभाव शिकायचा असेल तर ही वापरा.

तिसरा मार्ग म्हणजे एकाच हर्क्युलीसमध्ये व्हीएम/३७० चालवून आत दोन गेस्ट जोडायचे. मग नक्कल करणारा हर्क्युलीस नसतो, आत बसलेला सीपी असतो. नकलेच्या आत नक्कल!

किती खिडक्या पाडणार?

सीटीसीची मर्यादा सरळ आहे: एक जोडणी म्हणजे दोनच घरं. दहा गेस्ट प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचे तर ४५ जोडण्या लागतात. आयपीसाठी प्रत्येक जोडणीत दोन सीटीसी, म्हणजे ९० "कपल", आणि दोन्ही टोकं धरली तर १८० व्हर्च्युअल उपकरणं. भिंतीत भिंतच उरत नाही. मधल्या एका गेस्टला राउटर केलं तर जोडण्या ९ वर येतात, पण तो गेस्ट बसला की सगळेच मुके.

म्हणून २००१ च्या झेड/व्हीएम ४.२ मध्ये गेस्ट लॅन आलं आणि २००३ च्या ४.४ मध्ये व्हर्च्युअल स्विच. त्यात चॅनल अडॅप्टरऐवजी नेटवर्क कार्डाची नक्कल होते. आज नवा लिनक्स गेस्ट जोडायचा असेल तर मी डोळे मिटून व्हर्च्युअल स्विचच सांगेन.

मग सीटीसी कशाला? जिथे समोरचं सॉफ्टवेअर सीटीसीच मागतं तिथे. जेस२ च्या नोड-टू-नोड लाइन्स, आरएससीएस, व्हीटॅमच्या जोडण्या, एक्ससीएफचे मार्ग. आणि जिथे तुम्हाला नेमकी दोनच घरं हवी आहेत, तिसरं कुणी चुकूनही नको, तिथेही.

परत त्या रविवारी

तर शेवटी आम्ही काय केलं? प्रतीच्या डिरेक्टरी नोंदीतली "डेडिकेट" ओळ काढली. तिच्या जागी त्याच पत्त्यावर "स्पेशल" ओळ टाकली, व्हर्च्युअल सीटीसीए म्हणून. पलीकडे आणखी एक छोटा गेस्ट उभा केला, जो त्या दुसऱ्या यंत्रणेच्या नावाने उत्तर देतो. पुढच्या तालमीत प्रत उठली, जेस२ उठलं, लाइन सुरू झाली, रांगेतले रिपोर्ट निघाले आणि आमच्याच त्या छोट्या गेस्टच्या स्पूलमध्ये येऊन पडले. ते आम्ही मोजले, तपासले आणि पुसून टाकले. पलीकडून फोन आला नाही. झेड/ओएसमधली एकही ओळ बदलली नव्हती.

तुमच्याकडे अशी तालीम होत असेल, आणि मुंबई-पुण्यात हे काम करणारे ऐकणारे बरेच असतील, तर एकच करा. प्रत चालू करण्याआधी तिच्या डिरेक्टरी नोंदीतली प्रत्येक "डेडिकेट" ओळ बोट ठेवून वाचा आणि विचारा: या पत्त्याच्या पलीकडे कोण आहे? उत्तर माहीत नसेल तर आयपीएल करू नका. आम्ही ती ओळ वाचली असती, तर दहा सेकंद लागले असते. नाही वाचली, तर एक रविवार लागला.

पुढच्या भागात आययूसीव्हीबद्दल बोलू. तिथे चॅनलचं सोंगही नाही, गेस्ट सरळ सीपीलाच निरोप सांगतो. तोवर मुळा-मुठा जोडून बघा, आणि फुली एकदाच मारा. भेटूच.